इंजिनाचा क्रमांक

माझ्या एका स्नेह्यांच्या वडिलांची काँटेसा मोटार २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या महापुरात बुडाली. पाणी ओसरल्यावर कोणीतरी घाईने स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. पुढे वडील निवर्तले व गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. अलीकडे स्नेह्यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनावर घेतले. त्या निमित्ताने उद्भवलेला प्रश्न केवळ मोटारीपुरता नाही, म्हणून तो येथे मांडीत आहे.

जुन्या इंजिनाची पुनर्बांधणी म्हणजे काय? सिलिंडरची झीज घालवायची तर तो आतून बोअर करावा लागतो आणि त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागतात. क्रँकशाफ्ट घासून बारीक केला की त्याला जाड बेअरिंग लागते. म्हणजे मूळ धातूचा काही अंश काढून टाकल्याखेरीज मूळ वस्तू वाचत नाही, आणि या काढण्यालाही मर्यादा असते. येथे गंजाचे खड्डे इतके खोल होते की बोअर केल्यावर सिलिंडरची भिंत पुरेशी उरली नसती. अखेर मोडीत निघालेल्या दुसऱ्या काँटेसाचे इंजिन आणावे लागले. तेव्हा कारागिराने सुचविले की, त्यावरील क्रमांक घासून तेथे जुना क्रमांक ठोकून देऊ. कागदपत्रांची यातायात नको आणि गाडीही ‘मूळची’ राहील. स्नेह्यांनी मला विचारले, “यात कोणाचे काय बिघडते?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग निष्पन्न होते ते असे की, भाग एकत्र आले म्हणजे त्यांना व्यवहारात ‘रथ’ हे नाव मिळते. त्याहून वेगळी अशी रथ नावाची वस्तू नाही. हा मिलिंद म्हणजे यवन राजा मिनँडर. त्याची जुनी नाणी आपल्या शेजारच्या भरूच बंदरात चालत असल्याची नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात आहे.

काँटेसाचीही कथा रथासारखीच. तिचा सांगाडा मूळ इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. १९८४ मध्ये ती बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात अँबॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन होते. एवढ्या जड गाडीला ते अपुरे पडे. पुढे जपानच्या इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आले आणि मग तिला खरा वेग लाभला. २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. स्वतः निर्मात्यानेच जिचे इंजिन बदलले, तिच्यातले ‘मूळ’ कोणते म्हणावे?

येथवर नागसेन कारागिराच्याच बाजूचे वाटतील. रथ हे नुसते नाव असेल तर क्रमांकाचे एवढे काय? परंतु मला उलट वाटते. वस्तूची ओळख व्यवहारावर उभी आहे म्हणूनच ती विश्वासावर उभी आहे. मोठ्या मापाचा पिस्टन कोणाला फसवीत नाही; इंजिन उघडणाऱ्याला त्याचे माप दिसते. ठोकलेला क्रमांक मात्र पुढच्या गिऱ्हाइकाशी, पोलिसांशी आणि उद्या नातवाशीही खोटे बोलतो. कायदा इंजिन बदलू नका असे म्हणत नाही. बदलाची नोंद करा, इतकेच म्हणतो.

अर्थात खरेपणाला किंमत पडते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. पण तिच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. ही गाडी त्या वयाला पोहोचेल तेव्हा प्रामाणिक नोंदच तिच्या आड येऊ शकेल. हे मी स्नेह्यांपासून लपविले नाही. वडिलांनी चालविलेले इंजिन गेले याचे त्यांना दुःख होते. पण क्रमांक ठोकल्याने ते परत येणार नव्हते.

पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत राहिलेल्या आपल्या घराण्यांना हा प्रश्न परका नसावा. आपल्या बोलीत, जेवणात, सणावारांत गुजरातचे कितीतरी येऊन बसले आणि पूर्वजांनी आणलेले कितीतरी झिजून गेले. आम्ही अगदी मूळचे तसेच आहोत, असे म्हणणे म्हणजे जुना क्रमांक ठोकणेच होय. आमचे काही उरले नाही, हेही खरे नाही. काय गेले आणि काय आले हे मुलांना खरेखरे सांगता आले, तर ओळख टिकली असे मी म्हणेन.

स्नेह्यांनी नोंदणीपुस्तकात नव्या इंजिनाचा क्रमांक लिहवून घेतला. जुना ब्लॉक भंगारात न देता त्यांनी घराच्या ओसरीत ठेवला आहे. नातू विचारतो तेव्हा ते त्याला पुराची गोष्ट सांगतात.