पाच, एक सोडून पाच

संध्याकाळी सातचा कथकचा वर्ग. सहाची चिल्लीपिल्ली नुकतीच पांगलेली असते, आणि आता येतात त्यांच्या आया. कुणी ऑफिसातून थेट, ओढणी कमरेला घट्ट बांधत. कुणी कुकर उतरवून, हातांना अजून लसणाचा वास. एखादे काकाही असतात, निवृत्त झालेले, कायम भिंतीच्या कडेची जागा धरणारे. पुण्या-मुंबईत असे वर्ग आता गल्लोगल्ली दिसतात. दारावरच्या कागदावर ‘हॉबी बॅच’ लिहिलेलं असतं. शब्द जरा फसवा आहे. छंद म्हणून आलेली ही माणसं पहिल्या महिन्यात जेवढी घाबरलेली असतात, तेवढी दहावीची मुलंही नसतात.

लहान मुलीला शिकवताना बाई हात वर करतात, मुलगी हात वर करते. संपलं. मोठ्या माणसाचं तसं नाही. हात खांद्याच्या रेषेत ठेवायचा की थोडा वर? का? डाव्या पायानं सुरू केलं तर चालेल का? शिवाय प्रत्येकाकडे वही असते, आणि वहीत ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ सुवाच्य अक्षरात उतरवलेलं असतं. मोठ्यांना आधी कळतं आणि मग कधीतरी येतं. या दोन्हींच्या मधला काळ मोठा लाजिरवाणा असतो, त्यातून हॉलला एका बाजूनं भिंतभर आरसा.

तिहाईचंच बघा. एक तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्या वेळी त्याचं शेवटचं अक्षर बरोबर समेवर पडलं पाहिजे. तीनतालाच्या मात्रा 16. पाच मात्रांचा तुकडा घेतला तर पाच, एक सोडून पाच, पुन्हा एक सोडून पाच, अशा होतात 17. सतरावी मात्रा म्हणजेच पुढच्या आवर्तनाची पहिली, म्हणजे सम. हा हिशोब लेखा विभागात काम करणारी बाई बोटं न मोजता सांगते, आणि पायानं करायला गेली की सोळावरच पोचते. मधली ती एक मात्रा, जिथे काहीच करायचं नसतं, तीच तिला धरवत नाही. दिवसभर एक क्षण रिकामा न ठेवण्याची सवय झालेल्या माणसाला गप्प उभं राहणं पायात आणणं जड जातं.

अशा वेळी जाणत्या शिक्षिका पाय थांबवतात आणि तोंड सुरू करतात. याला कथकात पढंत म्हणतात: हातानं टाळी-खाली दाखवत बोल म्हणायचे. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. मुलांच्या वर्गात पढंत पुष्कळदा मागाहून येते. मोठ्यांच्या वर्गात ती आधी आणली तर काम सोपं होतं, कारण भाषा हा त्यांचा हातखंडा असतो. जीभ समेवर यायला लागली की दोन-तीन आठवड्यांनी पाय कुरकुरत का होईना मागून येतात.

हे सगळ्याच शिक्षकांना सुचतं असं नाही. त्याचं एक कारण असं की जी पाचव्या वर्षी नाचायला लागली, तिला आपण तत्कार, म्हणजे पायानं बोल काढणं, कसं शिकलो हे आठवतच नाही. आपण बोलायला कसे शिकलो हे कुणाला आठवतं? समोरची पंचेचाळिशीची बाई कुठे अडकली आहे ते तिला दिसतं, पण का अडकली ते कळत नाही.

या बाबतीत, स्वतः उशिरा सुरू केलेल्या कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांचं उदाहरण फार बोलकं आहे. त्यांचा जन्म 1924चा, पाटण्याचा. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातून 1946 साली त्या पदवीधर झाल्या. भरतनाट्यमचे पहिले धडे त्यांनी पार्वतीकुमारांकडे घेतले होते, पण कथक सुरू झालं ते 1946 मध्येच, जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे. म्हणजे वयाच्या एकविशी-बाविशीत. कथकच्या घराण्यांतली मुलं या वयात मैफली गाजवत असतात. आणि पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली! आज कुणी एका वर्षाच्या शिक्षणावर वर्ग काढला तर आपण नाक मुरडू. पण रोहिणीताईंचं शिकणं वर्ग निघाल्यावर थांबलं नाही, उलट तिथून खरं लागलं. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज यांच्याकडे दहा-बारा वर्षं आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडेही तितकीच दीर्घ तालीम. जोडीला केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणं. म्हणजे नृत्यभारतीच्या पहिल्या कित्येक तुकड्यांना शिकवणाऱ्या बाई स्वतः कुठेतरी विद्यार्थिनी होत्या, चुका काढून घेत होत्या. पुढे 1979 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोवर त्यांच्या शिष्याही गुरू झालेल्या होत्या. नर्तकी इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र त्यांनी ‘मी इसाडोरा’ म्हणून मराठीत आणलं, आणि स्वतःचा प्रवास ‘माझी नृत्यसाधना’मध्ये लिहिला.

उशिरा सुरू करणाऱ्यांत त्या एकट्या नाहीत. रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या 1904 मध्ये, आणि भरतनाट्यमचा त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरक महोत्सवात झाला तो 1935च्या अखेरीस. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. ‘कलाक्षेत्र’ या त्यांच्या नृत्यसंस्थेची स्थापना लगेच पुढच्या वर्षी. अर्थात या दोघींची जिद्द आणि दिवसाचे तास सातच्या वर्गाला कुठून आणायचे? तुलना ताणण्यात अर्थ नाही.

सातच्या वर्गाचं शरीर वेगळंच गाऱ्हाणं घेऊन येतं. कथक ताठ उभं राहून करतात, भरतनाट्यमसारखी गुडघे वाकवून अरमंडी धरावी लागत नाही, म्हणून गुडघ्याची तक्रार असलेल्या बायका इकडे वळतात. पण कथकात पूर्ण तळवा जमिनीवर आपटतो, आणि हॉलची फरशी असते टणक. महिनाभर जोरजोरात तत्कार केला की टाचा बोलायला लागतात. ‘जोर नको, वजन सोडा,’ हे वाक्य एका तासात दहादा तरी ऐकू येतं. चक्करांचंही तेच. मुली हसत-हसत गिरक्या घेतात, मोठ्यांना तिसऱ्याच चक्कराला भिंत धरावी लागते. मग नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवायची, अंग फिरलं तरी मान शेवटपर्यंत तिथेच, आणि मग झटक्यात फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर. बहुतेक हॉलमध्ये हा बिंदू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ असतं.

अंग साथ देत नाही अशांनाही नाच शिकवता येतो का, या प्रश्नाला 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये उत्तर मिळालं. मार्क मॉरिस डान्स ग्रुपच्या नर्तकांनी पार्किन्सन्स झालेल्या लोकांसाठी वर्ग सुरू केला. तो बसून, खुर्चीवरच सुरू होतो. त्यांनी एक गोष्ट पहिल्यापासून पाळली: हा व्यायाम किंवा उपचार म्हणून शिकवायचा नाही, नाच म्हणूनच शिकवायचा. समोरचा माणूस रुग्ण नाही, विद्यार्थी आहे. पुण्यातही ऋषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना असंच नाचतं केलं. कथकची बैठक असलेला हा नर्तक समकालीन नृत्यही शिकलेला. ज्यांचा हात चहाच्या कपाशी स्थिर राहत नाही, ते तालावर हात उचलतात.

नाचानं मेंदू तल्लख राहतो, असंही अलीकडे सारखं कानावर येतं. अमेरिकेत पंच्याहत्तरीपुढच्या 469 जणांवर झालेला, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यासाठी पुढे केला जातो. शारीरिक हालचालींच्या प्रकारांपैकी स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी नातं दिसलं ते फक्त नाचाचं. पण नातं दिसणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. ज्यांची तब्येत मुळात बरी, तेच नाचायला जात असतील. शिवाय सातच्या वर्गाला त्यासाठी कुणी येत नाही.

मग कशासाठी येतात? विचारलं तर धड सांगत नाहीत. ‘लहानपणी राहून गेलं’, एवढंच. पण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचा अर्ज निघाला की तो भरतात. ‘प्रारंभिक’ परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेरच्या बाकावर दोन वेण्या घातलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या रांगेत एक काकू बसलेल्या असतात, ओठांतल्या ओठांत पाच, एक सोडून पाच. घुंगरांची दोरी घोट्यावरून पुन्हा सैल झालेली असते. शेजारची मुलगी थोडा वेळ बघते, मग न विचारताच खाली वाकते. ‘अशी नाही काकू, आधी आतून घ्यायची.’