गुरुवार, दुपारी साडेतीन

ब्वेनोस आयरेससाठी हातात तीनच दिवस. यादी भराभर होते: ला बोकातली रंगीत घरं, रेकोलेताची दफनभूमी, रात्री टँगो. मग लक्षात येतं, त्यातला एक दिवस गुरुवार आहे. दर गुरुवारी साडेतीनला प्लासा दे मायो चौकात पांढरे रुमाल बांधलेल्या आया फेरी मारतात. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीने त्यांची मुलं उचलून नेली, ती परतली नाहीत. फेरी १९७७ पासून चालू आहे. त्या आया आता मोजक्याच उरल्यात, त्यांच्यासोबत इतर लोक चालतात.

हे यादीत लिहिताना हात अडखळला. टँगोच्या शेजारी कुणाचं तरी दुःख? ते 'बघायला' जायचं?

पण या आयांनी रडायला घराचा कोपरा निवडला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरचा चौक निवडला, सगळ्यांनी बघावं म्हणून. लोकांनी नजर वळवली असती, तर राजवटीचंच फावलं असतं. गरिबांच्या वस्तीत कॅमेरा घेऊन शिरतो, तेव्हा असं बोलावणं कुणी दिलेलं नसतं. इथे ते आहे.

गुरुवारची दुपार मी मोकळी ठेवली आहे. फोन खिशातच राहील.