दहा रुपयांच्या आतले सोने

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि आमच्या शेजाऱ्याच्या डोक्यातले सोनेही! यंदा तो धातू शोधायचे यंत्र, तंबू, कंदील, पिठलं-भाकरी आणि मी, एवढे सामान घेऊन बारामतीहून निघाला.

यंत्र ‘कुईं’ करताच उकरले. निघाली दाराची कडी.

मी बजावले, "१८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं."

"ही कुठली दहाची? ठेवू की!"

आता आली पंचाईत. सापडले म्हणजे आपले झाले काय? कॅशमध्ये रुपया जास्त निघाला, तरी आम्ही बँकवाले मालक शोधतो. या कडीच्या मालकाने तर धरणासाठी घरच सोडलेले.

कायद्यात बसत होते, मनात बसेना. कडी पुन्हा पुरली.