फेरीला न आलेली मुलं

आल्फ्रेड सॉमर हे अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर. १९७० च्या दशकात ते इंडोनेशियात गेले, ते मुलांना अंधत्व का येतं याचा अभ्यास करायला. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, मग डोळा कोरडा पडतो आणि शेवटी दृष्टी जाते, हे वैद्यकाला ठाऊक होतंच. आईलाही ते घरात दिसायचं. दिवेलागणीला भावंडं अंगणात हुंदडत असताना एखादं पोर कोपरा धरून बसायचं, पुढ्यातला घास चाचपडत शोधायचं.

जावा बेटावरच्या खेड्यांत सुमारे ४,००० मुलांचे डोळे दर ३ महिन्यांनी तपासले जात. पुढे त्या नोंदी चाळताना सॉमर यांच्या ध्यानात आलं, की काही मुलं पुढच्या फेरीला आलेलीच नाहीत. ती दगावली होती. रातांधळेपणासारखी सौम्य लक्षणं असलेल्या मुलांत मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट निघालं! म्हणजे ज्यांचा डोळा अजून शाबूत होता, ज्यांची फारशी काळजी कुणी करत नव्हतं, तीच मुलं हातची जात होती. डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यांपुरतंच पाहिलं असतं, तर हे कागदातच राहिलं असतं.

मग इंडोनेशियातल्याच आचे प्रांतातल्या ४५० गावांत प्रयोग झाला. जवळपास निम्म्या गावांतल्या मुलांना ६ महिन्यांच्या अंतराने ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस दिले. १९८६ मध्ये निष्कर्ष छापून आले: त्या गावांत लहान मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. पुष्कळ तज्ज्ञांनी नाकं मुरडली. काही पैशांची गोळी असं करूच कशी शकते? (औषध महाग असतं, तर बहुधा लवकर पटलं असतं.) पुढे नेपाळ, घाना आणि आपल्या तमिळनाडूतल्या प्रयोगांनी सॉमर यांचीच बाजू उचलून धरली. मात्र उत्तर प्रदेशातल्या १० लाख मुलांच्या अभ्यासात फरक नगण्य दिसला, हेही सांगायला हवं. तो वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे ९ व्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजतात, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, नंतर दर ६ महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत एकूण ९. पहिला बहुतेक चुकत नाही, पुढचे राहून जातात. घरात लहान मूल असेल तर आज त्याचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा.