फाशी सर्वांस दाखवावी काय?

एखाद्या बालकावर किंवा स्त्रीवर घोर अत्याचार झाल्याची वार्ता आली, म्हणजे गावोगावी एकच उद्गार ऐकू येतो : ‘अशा नराधमास भर चौकात फाशी द्या, आणि ती टीव्हीवर सर्वांस दाखवा.’ असे बोलणारे लोक दुष्ट असतात असे नाही. पुष्कळदा ते लेकीबाळी असलेले, कष्टाळू, पापभीरू गृहस्थच असतात. म्हणून त्यांचे बोलणे हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. त्यांच्या मागणीत तीन निरनिराळे विचार एकमेकांत गुंतलेले असतात. ते एकेक करून सोडवून पाहिले पाहिजेत.

देहान्त शिक्षा मुळात असावी की नसावी, हा प्रश्न आम्ही येथे बाजूस ठेवितो. त्याविषयी सुज्ञ लोकांतही मतभेद आहे. आपल्या देशात ती कायद्यात आहे, आणि ती अतिविरळ प्रसंगीच द्यावी, असा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली घालून दिला आहे. ती दिली जात असता सर्व जनतेने ती पाहावी काय, एवढाच आजचा विचार होय.

पहिला विचार धाकाचा. ‘लोकांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजे वचक बसेल,’ असे म्हणतात. परंतु हा प्रयोग नवा नाही. जगाने तो शेकडो वर्षे करून पाहिला आहे. इंग्लंडात १८६८ सालापर्यंत फाशी उघड्यावर देत असत. लंडन शहरी न्यूगेट तुरुंगाबाहेर हजारो लोक जमत. समोरच्या घरांच्या खिडक्या भाड्याने दिल्या जात. जत्रेसारखी गर्दी लोटे. त्या देशात खिसेकापूस १८०८ पर्यंत देहान्त शिक्षा सांगितली होती. तरी खिसेकापूंचा धंदा ह्या फाशीच्या गर्दीतच जोराने चाले! डोक्यावर दोर लोंबत असता खाली हात दुसऱ्याच्या खिशात. धाक ह्याहून अधिक जवळ कोठे आणून दाखवावयाचा? १८०७ साली ह्याच ठिकाणी गर्दीत चेंगरून सुमारे ३० माणसे मेली. १८४९ च्या नोव्हेंबरात चार्ल्स डिकन्स ह्या प्रख्यात कादंबरीकाराने एका खुनी पतिपत्नीची फाशी पाहिली आणि ‘टाइम्स’ पत्रास कळविले की, जमलेल्या लोकांचे वर्तन व त्यांची भाषा इतकी हिडीस होती की, तिजपुढे मूळ गुन्ह्याची व फाशीच्या खांबाची भीषणताही फिकी पडली. पुढे एकोणीस वर्षांनी तेथील सरकारने फाशी तुरुंगाच्या भिंतीआड नेली. अमेरिकेत केंटकी प्रांतातील ओवेन्सबरो गावी १४ ऑगस्ट १९३६ रोजी शेवटची जाहीर फाशी झाली. ती पाहण्यास सुमारे २०,००० लोक लोटले होते. फ्रान्सात १७ जून १९३९ रोजी व्हर्साय येथे एका खुन्याचा जाहीर शिरच्छेद झाला, तेव्हा लोकांचा धिंगाणा पाहून सरकारच लाजले, आणि थोड्याच दिवसांत ती चाल कायमची बंद झाली.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही ह्याचा दाखला आहे. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकर ह्यास पुण्यात सर्वांसमक्ष हत्तीच्या पायी दिले. होळकरांचे घराणे धाकात राहील अशी त्याची समजूत होती. झाले ते निराळेच. विठोजीचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन चालून आला. ऑक्टोबर १८०२ मध्ये त्याने पुण्याजवळ हडपसरला पेशव्यांच्या व शिंद्यांच्या सैन्याचा मोड केला. बाजीराव वसईस पळाला, आणि ३१ डिसेंबर रोजी इंग्रजांशी तह करून राज्याचे स्वातंत्र्य घालवून बसला. वैराची इतरही कारणे होती हे खरे. परंतु त्या दिवशीच्या देखाव्यातून भीती उत्पन्न न होता सूड उत्पन्न झाला, हे कोणास नाकारता येईल?

कोणी म्हणेल, ‘ह्या गोष्टी जुन्या. टीव्हीपुढे गर्दी नाही, दारू नाही, धक्काबुक्की नाही. माणूस आपल्या घरी शांतपणे पाहील.’ तर मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाकडे पाहावे. तेथे सप्टेंबर १९९६ मध्ये एका चिमुकल्या मुलीच्या खुनाबद्दल दोघांस बंदुकीच्या गोळ्यांनी मारिले, आणि तो प्रसंग टीव्हीवर दाखविला. पहिल्या फैरीने एकाचा प्राण गेला नाही, म्हणून जवळ जाऊन त्यास पुन्हा गोळी घालावी लागली. तेही लोकांनी पाहिले. त्यानंतर विषारी सुईने दिलेल्या शिक्षाही तेथे टीव्हीवर दिसल्या. तरी २००९ च्या सुमारास तो देश जगातील अत्यंत खूनग्रस्त देशांत मोडत होता. गुन्हे वाढण्याची कारणे अनेक असतात, म्हणून ते देखाव्यामुळेच वाढले असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या धाकाचे वचन दिले होते, तो कोठे दिसला नाही, एवढे निश्चित.

शिवाय टीव्ही व मोबाइल ह्यांचा एक विशेष धर्म आहे. फाशीच्या मैदानावर जाणाऱ्यास निदान पहाटे उठून चालत जावे लागे, मरणाऱ्याचा श्वास ऐकावा लागे, आणि कित्येकदा त्याचे पोट ढवळून निघे. आल्बेर काम्यू ह्या फ्रेंच ग्रंथकाराने आपल्या पित्याची हकीकत लिहून ठेविली आहे. एका शेतकरी कुटुंबास मुलांसकट ठार करणाऱ्या खुन्याविषयी त्या गृहस्थास इतका संताप आला की, तो अल्जिअर्स शहरात त्याचा शिरच्छेद पाहण्यास अंधारात उठून गेला. परत आला तो कोणाशी काही न बोलता अंथरुणावर पडला आणि ओकू लागला. टीव्ही पाहणाऱ्यास एवढाही भार पडत नाही. तो जेवता जेवता पाहील, मध्ये जाहिराती पाहील, आवडले तर पुन्हा पाहील, आणि मित्रास पाठवील. दुसऱ्याचे मरण पाहून पोट न ढवळणे ही जर सवय झाली, तर ज्या क्रौर्याबद्दल आपण गुन्हेगारास शिक्षा देतो, त्याच क्रौर्याचे बीज आपण घरोघरी पेरले असे होईल.

लेकरांविषयी तर विशेष सावध राहिले पाहिजे. १४ ऑगस्ट २००४ रोजी कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगात एकास फाशी झाली. ती कोणी दाखविली नव्हती. केवळ तिची चर्चा व दोराची वर्णने कित्येक दिवस टीव्हीवर चालली होती. तेवढ्यानेच मुले फाशीचा खेळ खेळू लागली, आणि त्यात बालकांचे प्राण गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. वर्णनाने जर असे होते, तर प्रत्यक्ष देखाव्याने काय होईल, ह्याचा आईबापांनी विचार करावा.

दुसरा विचार दुःखितांच्या समाधानाचा. ज्यांचे माणूस मारले गेले त्यांचा हक्क आम्ही मोठा मानितो. १९९५ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथे बाँबस्फोट होऊन १६८ माणसे मेली. २००१ च्या जून महिन्यात गुन्हेगारास देहान्त शिक्षा झाली, तेव्हा जखमी व मृतांचे नातलग मिळून दोनशेंहून अधिक लोकांनी ती बंदिस्त यंत्रणेवर दुसऱ्या शहरी बसून पाहिली. त्यांतील काही म्हणाले की, मनावरचा भार उतरला; काही म्हणाले की, काहीच बदलले नाही. सर्व जगास ते दृश्य दाखवू द्यावे, अशी मागणी एका व्यापारी कंपनीने न्यायालयात केली होती. ती नामंजूर झाली. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्याचे घर उजाड झाले त्याने पाहणे निराळे, आणि ज्याचे काही गेले नाही त्याने करमणुकीच्या वेळी पाहणे निराळे. परक्याचे दुःख पुढे करून आपली उत्सुकता भागविणे ह्यास न्याय म्हणत नाहीत.

तिसरा विचार सर्वांत बळकट आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सरकार शिक्षा देते ती आपल्या सर्वांच्या नावाने. मग आपल्या नावाने केलेले कृत्य आपल्यापासून लपवावे काय? वर सांगितलेल्या काम्यूनेच १९५७ साली लिहिले की, धाकासाठी शिक्षा देता तर ती भर चौकात, भर दुपारी द्या, व टीव्हीवरही दाखवा. नाहीतर धाकाची भाषा सोडून द्या. तो ह्या शिक्षेचा विरोधक होता, आणि त्याचा टोमणा वर्मी लागणारा आहे. गुप्ततेचे दोष आपल्या देशानेही पाहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात दिल्लीच्या तिहार तुरुंगात फाशी झाली. ती होणार असल्याचे सरकारी पत्र काश्मिरात कुटुंबाच्या हाती पडले ते फाशीनंतर. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, दयेचा अर्ज फेटाळल्यावर निदान १४ दिवसांची मुदत द्यावी आणि कुटुंबाची शेवटची भेट होऊ द्यावी. हे योग्यच झाले. अंधारात दिलेली शिक्षा ही न्यायाची शोभा नव्हे.

परंतु अंधार नको म्हणून तमाशा हवा, असे ठरत नाही. साक्षी आणि तमासगीर ह्यांत मोठे अंतर आहे. साक्षी कर्तव्य म्हणून येतो. त्यास नाव असते. पाहिले ते त्यास सांगावे लागते. त्याची उलटतपासणी होऊ शकते. तमासगीर हौसेने येतो, आणि कोणासही जबाबदार नसतो. फाशीच्या वेळी दंडाधिकारी, वैद्यकीय अधिकारी व तुरुंगाचे अधीक्षक हजर राहतात ते साक्षी म्हणून. निकालपत्र प्रसिद्ध होते, मुदत कळविली जाते, कुटुंबास भेट मिळते, वृत्तपत्रे प्रश्न विचारितात. उघडेपणा तो हाच. १९८५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने सुनेस जाळून मारल्याच्या खटल्यात असा हुकूम केला होता की, जयपूरच्या रामलीला मैदानात किंवा क्रीडांगणात, आगाऊ प्रसिद्धी देऊन, जाहीर फाशी द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ते रोखले, आणि म्हटले की, गुन्हा रानटी असला तरी त्याचे उत्तर रानटी शिक्षेने देता येत नाही. जाहीर फाशी ही घटनेच्या एकविसाव्या कलमाविरुद्ध आहे.

येथे कोणी विचारील, ‘जे पाहण्यास लाज वाटते, ते करण्यास लाज का वाटू नये?’ हा प्रश्न खोटा नाही. शिक्षा मागणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्या मनास विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत मोठ्याने घोषणा देऊ नये. डोळे मिटून मागणे आणि डोळे भरून पाहणे, हे दोन्ही त्या प्रश्नापासून पळण्याचेच मार्ग आहेत.

जाहीर देहान्त शिक्षेचा एक वृत्तान्त आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. त्या टेकडीवर जमलेल्या सर्वांस एकच देखावा दिसला. शिपायांनी वस्त्रांसाठी चिठ्ठ्या टाकिल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांनी थट्टा केली, आणि थोड्या स्त्रिया दूर उभ्या राहिल्या. न्याय झाला की अन्याय, हे गर्दीच्या ओरडण्यावरून त्या दिवशी कळले नाही, आणि आजही कळावयाचे नाही.

मग धाक कशाने बसेल? बेक्कारिया नामक इटालियन पंडिताने १७६४ सालीच लिहिले की, शिक्षेच्या क्रूरपणापेक्षा तिच्या निश्चितपणाने गुन्हे थांबतात. आणि निश्चितपणा कोठून येतो? तो साक्षीदारांपासून येतो. आपल्या गावांकडे पाहावे. रात्री किंकाळी ऐकलेली असते, कोण पळाला हे पाहिलेले असते. परंतु खटला उभा राहिला की कोणी परगावी जातो, कोणी पाटलाच्या भिडेने गप्प बसतो, कोणी पैसे घेऊन फितूर होतो. आरोपी सुटतो. मग तेच गाव चावडीवर बसून म्हणते की, भर चौकात फाशी द्या! ज्या गावास शंभर तमासगीर देता येतात, त्यास एक साक्षीदार देता येऊ नये काय? २०१८ साली साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य करून सर्व राज्यांस लागू केली आहे. भय वाटत असेल तर तिचा आधार मागावा. त्यासाठी अर्ज लिहून देणे हे गावातील शिकलेल्या माणसाचे काम आहे.

म्हणून वाचकहो, मारहाणीचे किंवा मरणाचे चलत्चित्र मोबाइलवर आले, तर ते मुलांपुढे उघडू नये व पुढे पाठवू नये. परंतु न्यायालयाचे समन्स आले, तर त्या दिवसाची मजुरी बुडवूनही जावे, आणि पाहिले तेवढेच, कमी नाही व अधिक नाही, सांगावे. न्यायास आपल्या डोळ्यांची गरज आहे खरी. ती वधस्तंभापाशी नसून साक्षीच्या पिंजऱ्यात आहे.