शिक्षणाचा रकाना

नोकरीच्या अर्जात नाव-पत्ता झाला की शिक्षणाचा रकाना येतो. किर्लोस्करवाडीच्या पहिल्यावहिल्या माणसांपुढे असा अर्ज ठेवला असता, तर बरेचजण तिथंच अडले असते. १९१० साली औंध संस्थानातल्या त्या ओसाड माळावर नांगरांच्या कारखान्यासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी जमवलेली मंडळी तरी कोण? अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. पुढे कल्पक इंजिनीअर म्हणून नावाजले. के. के. कुलकर्णी नापास विद्यार्थी, पण कारभार त्यांच्या हाती. राखणदार तर शिक्षा भोगून आलेले! खुद्द मालक मुंबईला गेले ते जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला. रंगांधळेपणा आड आला, तेव्हा यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले.

हे वाचलं की पदवीला नावं ठेवायची हुक्की येते. मात्र याच लक्ष्मणरावांनी मुलाला, शंतनुरावांना, अमेरिकेत एमआयटीला धाडलं. १९२६ मध्ये त्यांनी तिथली मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी मिळवली. बापाला काळ कळत होता. नांगराचा फाळ सराईत हात आणि तयार नजर यांच्या जोरावर घडवता येतो. डिझेल इंजिनाला उष्णता, दाब, धातूची ताकद यांचं गणित मांडावं लागतं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, ती असं गणित येणाऱ्यांच्या भरवशावर. माल बदलला म्हणून माणसांचं शिक्षण वाढलं, आणि ते रास्तच होतं.

नंतर आयटीआय निघाल्या, १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. फिटर, टर्नर, मोल्डर यांच्याही हातात प्रमाणपत्र आलं. उस्तादाच्या मर्जीवर शिकणाऱ्या पोराला त्यानं थोडा मान मिळाला, हेही विसरू नये.

मला खटकतं ते यापुढचं. मशीन तेच, काम तेच, पण काल आयटीआयवर भागत होतं तिथं आज डिप्लोमा मागतात. का? तर अर्जांचा ढीग पडतो आणि तो कमी कसा करायचा हा प्रश्न असतो. ही वाढ कामाची गरज म्हणून झालेली नाही. निवडणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून झालेली आहे. दुसरीकडे, घरच्यांनी कर्ज काढून बी. ई. केलेली काही मुलं कामगाराच्या जागेसाठी उभी राहतात. जास्त शिकलेला टिकणार नाही, युनियन करेल, अशी शंका कंपन्यांना असते. म्हणून ही मुलं पदवी घरी ठेवून बारावीची गुणपत्रिका तेवढी जोडतात.