पाय लावण्याचा मुहूर्त

घरी विमान बांधणाऱ्याचं गॅरेज बाहेरूनच ओळखू येतं, कारण त्याची गाडी बारा महिने रस्त्यावर उभी असते. आत लाकडी घोड्यांवर विमानाचं धड आडवं पडलेलं, पंख भिंतीशी टेकवलेले, आणि इंजिन अजून खोक्यात किंवा बँकेच्या कर्जात. अमेरिकेत अशी गॅरेजं हजारोंनी आहेत. 1953 साली विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ काढली. आज दर उन्हाळ्यात त्याच राज्यातल्या ऑशकॉश गावी तिची जत्रा भरते, आणि घरी बांधलेली विमानं आपापल्या बळावर उडत तिथे येतात.

या मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: लँडिंग गिअर कधी बसवायचं? म्हणजे धडाला पाय आणि चाकं लावून ते जमिनीवर उभं कधी करायचं? आराखड्यात या कामाचं प्रकरण कुठेतरी मधे असतं. पण ते काम महिनाभर आधी किंवा वर्षभर नंतर केलं तरी विमान तेच होतं. म्हणूनच वाद रंगतो.

प्रश्न वरवर पान्या-स्क्रूड्रायव्हरचा दिसतो. व्हॅन्स एअरक्राफ्ट या ओरेगनमधल्या कंपनीचं आरव्ही-7 घ्या. याच्या मागे चाक असलेल्या प्रकारात पुढचे दोन पोलादी पाय इंजिन माउंटच्या सॉकेटमध्ये बसतात. पायाच्या वरच्या टोकाला ग्रीस लावायचं, तो खालून सॉकेटमध्ये सरकवायचा, भोकं समोरासमोर येईपर्यंत थोडा फिरवायचा आणि बोल्ट आत सोडायचा. बोल्ट सहज गेला तर पाच मिनिटांचं काम, अडला तर अख्खी संध्याकाळ. पण याचा अर्थ असा की पाय हवे तर आधी इंजिन माउंट हवा. आणि माउंट एकदा बसला की त्याच्या नळ्यांच्या जाळीतून मागच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवर, ड्रिल चालवणं म्हणजे कसरत. म्हणून शहाणा माणूस फायरवॉलवरची भोकं आधी पाडून घेतो.

दुसरी अडचण उंचीची. धड घोड्यांवर असतं तेव्हा जमिनीवर उभं राहून कॉकपिटात हात घालता येतो. पाय लागले की तेच कॉकपिट छातीपर्यंत येतं. पंख अजून बसलेले नसतात, त्यामुळे पाय ठेवायलाही काही नसतं, आणि पॅनेलखालच्या वायरिंगसाठी दिवसातून वीस वेळा स्टुलावर चढ-उतार सुरू होते. मागे चाक असलेलं विमान शेपटीवर बसतं, म्हणून आतली फरशी उतरती होते. पुढे चाक असलेलं विमान इंजिनाशिवाय उभं केलं तर मागे कलंडून शेपटीवर आपटू शकतं. त्याला टेकू तरी लावा, नाहीतर नाकावर वजन तरी ठेवा. उलट बाजूही आहे. चाकं लागली की धड एकट्याने ढकलता येतं, गॅरेज झाडता येतं, आणि घरच्यांची गाडी एखाद्या पावसाळ्यात तरी आत येते.

एवढंच असतं तर हिशेब मांडून निर्णय झाला असता. पण शनिवारी सकाळी चार मित्र बोलवायचे, धड उचलायचं, पाय सरकवायचे आणि मग मागे सरून बघायचं, याची ओढ कुठल्याच हिशेबात बसत नाही. दोन-तीन वर्षं घोड्यांवर पडलेला ॲल्युमिनियमचा तो ठोकळा त्या दिवशी विमान दिसू लागतो. शेजारी येतात, फोटो निघतात, मुलं आत बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढतात. आणि पुष्कळदा पुढचे सहा महिने काम थंडावतं. या धंद्यात एक जुना विनोद आहे: नव्वद टक्के काम संपलं की उरलेलं नव्वद टक्के सुरू होतं.

इथे पान्याचा प्रश्न संपून धर्माचा सुरू होतो. फळ हाती येण्याआधी त्याचं दर्शन घ्यायची ओढ दोष आहे की इंधन?

आधी ‘विमान दिसू लागलं’ म्हणजे नेमकं काय, ते पाहावं लागेल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, रथातून भिक्षू नागसेनाकडे येतो. नागसेन त्याला विचारतो: महाराज, रथाची दांडी हा रथ आहे का? आस? चाकं? सांगाडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळं सोडून वेगळा असा काही रथ आहे का? तेही नाही. रथ हे अवयवांच्या जुळणीवरून पडलेलं व्यवहारातलं नाव ठरतं, आणि नागसेन तिथून माणसाच्या ‘मी’कडे वळतो. गॅरेजमधल्या माणसाला हा संवाद ऐकवला तर तो मान डोलावेल आणि कदाचित थोडा चिडेलही. मिलिंदाचा रथ जुळलेला होता, दाराशी उभा होता. याचे अवयव मात्र एकेक करून वर्षानुवर्षं येतात. नाव कुठल्या दिवशी लागू पडतं, हे नागसेन विचारत नाही. त्याला ते विचारायचं कारणही नव्हतं.

इतिहासाने मात्र विचारलं, आणि तेही चाकांवरूनच. 17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉकला राइट बंधूंनी जे यंत्र उडवलं त्याला चाकं नव्हती. खाली लाकडी घसरपट्ट्या होत्या, आणि ते एका छोट्या गाड्यावर ठेवून लाकडी रुळावरून सोडलं होतं. पुढच्या वर्षापासून त्यांनी उंच मचाणावरून वजन सोडून यंत्राला ढकलणारी सोय केली. 1906 मध्ये पॅरिसला अल्बेर्तो सांतोस-दुमोंत स्वतःच्या चाकांवर धावत हवेत गेला, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी म्हटलं की हे खरं उड्डाण, बाहेरून ढकलून घेतलेलं ते कसलं? ब्राझीलमध्ये आजही पहिल्या उड्डाणाचा मान त्यालाच देतात. राइट बंधूंनी 1910 च्या सुमारास आपल्या विमानांना चाकं बसवली. तोवर सात वर्षं ते बिनपायाच्या यंत्रांवर उडत होते, आणि त्यांना त्यात काही उणं वाटलं नाही. पाय लागले म्हणजे विमान झालं, ही समजूत आपल्या डोळ्यांची सवय आहे.

शिवाय गंमत अशी की पाय हा उडण्याचा अवयवच नाही. हवेत गेल्यावर तो निव्वळ ओझं आणि वाऱ्याला अडथळा. बुद्धांचा तराफ्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे: नदी ओलांडून झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडू नये. मे 1919 मध्ये हॅरी हॉकर आणि मॅकेंझी-ग्रीव्ह यांनी हा उपदेश जणू शब्दशः पाळला. न्यूफाउंडलंडहून अटलांटिक ओलांडायला निघाल्यावर वेग वाढावा म्हणून त्यांनी लँडिंग गिअर सोडून दिलं. पुढे इंजिन तापलं, विमान समुद्रात उतरवावं लागलं आणि एका डॅनिश जहाजाने त्यांना उचललं. जहाजावर वायरलेस नसल्यामुळे जवळजवळ आठवडाभर जग त्यांना मेलेलं समजत होतं. 1927 मध्ये फ्रान्सच्या नंजेसेर आणि कोली यांनीही पॅरिसहून न्यूयॉर्कला निघताना चाकं टाकून दिली. ते पुन्हा दिसलेच नाहीत. चाकांमुळे ते वाचले असते असं कुणी म्हणणार नाही. पण त्या दोन्ही बेतांत जमिनीवर परतणं आधीच वजा झालं होतं. तराफा टाकायला पलीकडचा काठ पक्का असावा लागतो. वैमानिकाला तो नसतो, म्हणून तो आपला तराफा पोटाशी बांधून नेतो. तेव्हा पहिल्यांदा पायांवर उभ्या राहिलेल्या विमानात बांधणाऱ्याला उड्डाण दिसत असलं, तरी त्याने बसवलेली असते ती उतरण्याची तयारी.

आता ओढीचा मूळ प्रश्न. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक मराठी घरात आजीपासून भाषणबाज पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ असतो, आणि त्याचा सोपा अर्थ लावला तर शनिवारचा तो सोहळा चूकच ठरतो. पण ज्यांनी गीता मराठीत खेळवली त्यांनी तिला एवढी रूक्ष केली नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. फळाचा ध्यास सुटला की सगळी शक्ती कर्मात उतरते आणि काम उलट सरस होतं, हा त्यांचा रोख. अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याचं वर्णन येतं तिथे धृती आणि उत्साह असे दोन गुण शेजारी शेजारी ठेवलेत. उत्साह वगळलेला नाही. धृतीशिवायचा उत्साह सहा महिन्यांत थंडावतो, आणि उत्साहाशिवायच्या धृतीतून अर्धवट धडं पोरांच्या वारशात येतात. लोक हसतात पहिल्या प्रकाराला. गॅरेजांत धूळ खात पडलेली विमानं बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात, असं मानायला हरकत नाही.

अमेरिकन कायद्यानेही याला नकळत हात घातला आहे. विमानाला ‘हौशी बांधणीचं’ म्हणून मान्यता हवी असेल तर त्याचा निम्म्याहून जास्त भाग स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असला पाहिजे. कुठे उडून जायचं हे कायदा विचारत नाही. कशासाठी बांधलं ते विचारतो. सरकारी नियम हेतूची चौकशी करतो आणि त्याला मान्य होणारा हेतू खुद्द कामातच आहे, हे विनोबांना आवडलं असतं.

धुळ्याचा दुसरा धागा अगदी अलीकडचा आहे. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. गच्चीवरचं विमान उडणार तरी कसं, हे विचारणारे कमी नव्हते. फेब्रुवारी 2016 मध्ये ते क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये, आणि ऑगस्ट 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं. गच्चीवर बांधणाऱ्याला ‘आधी काय, नंतर काय’ हे आराखडा सांगत नाही. जे जोडायचं ते पुन्हा सोडवून क्रेनच्या दोराला बांधता आलं पाहिजे, ही अट तिथे सगळ्यांच्या वर बसते.

ॲरिस्टॉटलने हे बरंच आधी ओळखलं होतं. कृतीच्या बाबतीत नियम ढोबळच राहतात, असं तो ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’त म्हणतो. प्रसंगाला काय उचित ते करणाऱ्यानेच पाहायचं असतं, जसं वैद्यकात आणि जहाज हाकताना. म्हणजे पाय लावण्याचा मुहूर्त पंचांगात नाही आणि व्हॅन्सच्या पुस्तिकेतही नाही. पण त्यामुळे तो मनमानीही ठरत नाही, कारण एक कसोटी हाताशी असते. पाय लावल्याने पुढचं काम सोपं होतं की फक्त डोळे निवतात? ब्रेकच्या नळ्या ओढायच्या आहेत, इंजिन टांगायचं आहे, धड हलवल्याशिवाय पंख जोडून बघता येत नाहीत, तर पाय आजच लावावेत, आणि फोटो काढले तरी कुणाचं काही बिघडत नाही. वायरिंग बाकी आहे, पॅनेल रिकामं आहे, शेजाऱ्यांना मात्र विमान दाखवायचं आहे, तर धड घोड्यांवरच बरं. जो माणूस एवढं खरं खरं स्वतःशी बोलू शकतो त्याला तिसऱ्या कुणाचा सल्ला लागत नाही. जो बोलू शकत नाही, तो सल्ले गोळा करत राहतो आणि आपल्याला हवा तो मिळाला की थांबतो.

एक मुहूर्त मात्र कुणालाच टाळता येत नाही. पहिल्या उड्डाणाआधी विमान स्वतःच्या तीन चाकांवर तीन वजनकाट्यांवर उभं करतात, सरळ पातळीत आणतात आणि रिकाम्या वजनाचा मध्य काढतात. तोवर वजनाबद्दल जे बोललं गेलं ते सगळं कागदावरचं असतं. आकडा सहसा अंदाजापेक्षा जास्तच निघतो: थोडा रंग, थोडं जास्तीचं वायरिंग, आणि कुणी कितीही हलकं म्हणून विकत आणलेलं सीटचं कापड. मग बॅटरी पुढे किंवा मागे सरकवायची चर्चा सुरू होते.